बाल्कनीतला वॉर्ड

मेट्रनबाईंच्या हातून आयुष्यात एकही रोगी हेळसांडीमुळे दगावला नव्हता. हे त्या स्वतःच सांगत असत, त्यामुळे शंका घेण्याची कुणाची छाती नव्हती. जे दगावले ते वयाने, रोगाने, नाहीतर डॉक्टरांमुळे. मोठ्या हॉस्पिटलातल्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डावर त्यांचं राज्य होतं, आणि ते राज्य असं होतं की त्यांच्या बुटांचा आवाज आला की रोगी आपणहून सरळ झोपत आणि शिकाऊ डॉक्टर खिशातले हात बाहेर काढत.

अशी बाई निवृत्त झाली की काय होतं? वॉर्ड जातो, पण सवय जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. निरोपाच्या दिवशी कुणीतरी हौसेने त्यांना एक गुलाबाची कुंडी दिली. देणाऱ्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपण एका निष्पाप जिवाला कुणाच्या ताब्यात देतो आहोत.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाल्कनीत महिन्याभरात वॉर्ड उभा राहिला. कुंड्या एका ओळीत, मध्ये सारखं अंतर, कारण दोन खाटांमधून ट्रॉली गेली पाहिजे. ट्रॉली नव्हती, पण म्हणून शिस्त का सोडायची? सकाळी उकळून गार केलेल्या पाण्याने पानं पुसली जात. पाणी घड्याळावर दिलं जाई, तहान असो वा नसो. वॉर्डात सहाचा चहा सहालाच येतो, रोग्याला विचारून येत नाही.

पहिल्याच आठवड्यात कुंडीच्या बुडातून पाणी गळून फरशीवर आलं. मेट्रनबाईंच्या शास्त्रात रोग्यातून काहीही गळणं हे चांगलं लक्षण नव्हतं. त्यांनी सगळ्या कुंड्या आडव्या करून बुडाची भोकं कापसाच्या बोळ्यांनी बुजवली आणि वरून चिकटपट्टी मारली. गळती थांबली. मग पानं पिवळी पडायला लागली. पिवळी म्हणजे कावीळ, हे तर शिकाऊ पोरीलाही कळतं. म्हणून ग्लुकोजचं पाणी सुरू झालं. ग्लुकोजला मुंग्या आल्या. मुंग्यांसाठी फरशी पुसायचं जंतुनाशक मातीत ओतलं. मुंग्या गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग गुलाबही गेला. रोगापेक्षा औषध जालीम!

त्यानंतर शेवंती गेली, मग पुदिना गेला. पुदिना, जो सहसा घरच्यांना घालवून देतो पण स्वतः जात नाही! प्रत्येक वेळी मेट्रनबाई दोन मिनिटं गप्प उभ्या राहत आणि म्हणत, "उशिरा आणलं हो. आधी आणलं असतं तर वाचलं असतं."

शेजारच्या बाल्कनीत मात्र रान माजलं होतं. तिथे राहणाऱ्या वहिनी दिवसभर वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवत, म्हणून सगळी इमारत त्यांना कोडेवाल्या वहिनी म्हणे. फुटकी बादली, कान तुटलेलं पातेलं, जुना रंगाचा डबा, जे हाती लागेल त्यात त्यांनी काहीतरी खोचून ठेवलं होतं, आणि ते सगळं कठड्यावरून खाली लोंबत होतं, फुलत होतं, वर एकमेकांच्या अंगावर पडत होतं. मेट्रनबाईंना तो बेशिस्तपणा बघवत नसे. शेवटी एकदा त्यांनी मानपान गुंडाळून विचारलंच, "वहिनी, तुम्ही देता तरी काय यांना?"

"कुणाला?"

"झाडांना!"

"अगंबाई," वहिनी पेन्सिल तोंडातून काढून म्हणाल्या, "आज पाणी राहिलंच की घालायचं. कालही राहिलं वाटतं."

मेट्रनबाईंनी दार लावून घेतलं. असल्या बाईशी काय बोलणार?

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण मेट्रनबाईंना एक नात होती.

नात अजून बोलत नव्हती, बसता येत होतं आणि रांगण्याचा विचार चालू होता. लेक नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होती. तिची रजा संपत आली होती, आणि ती कामावर गेली की बाळ कुठे राहणार हा प्रश्न घरात कधीचा फिरत होता. जावई सरळ माणूस. तो म्हणाला, "त्यात काय विचार करायचा? आई आहेत की! चाळीस वर्षं माणसं सांभाळलीत त्यांनी."

 लेक त्या सांभाळण्यात वाढली होती. शाळेत जाण्यापूर्वी जीभ दाखवायची, आल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचे, शिंक आली की पायमोजे. सहलीला सगळ्या पोरी धबधब्याखाली नाचल्या, आणि ही एकटी टॉवेल पांघरून त्यांच्या चपला सांभाळत बसली, हे ती अजून विसरली नव्हती. आईच्या बाल्कनीवर तिची नजर होतीच. एका रविवारी ती आली ती हातात लिंबाचं हातभर रोप घेऊनच. चांगलं तजेलदार, टोकाला कोवळी पालवी.

"आई, स्पष्ट बोलते, रागावू नकोस. तुझ्याकडे ठेवलं तर पोर जगेल. पण तिला जगायला वेळ मिळणार नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हे रोप घे. एका जागी उन्हात ठेव. माती सुकली की पाणी. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही म्हणजे नक्की काय काय?"

"म्हणजे काही नाही! मी कामावर रुजू होईपर्यंत हे जगवून दाखव. जगलं तर पोर तुझ्याकडे."

"आणि नाही जगलं तर?"

"तर पाळणाघर बघून ठेवलंय."

जावयाने खोकून विषय बदलायचा प्रयत्न केला, पण मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मेट्रनबाईंना ते फार लागलं. तसं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. पण त्यांना ती नात हवी होती, तिच्या अंगाच्या वासासकट हवी होती. लेक लहान असताना त्या ड्यूटीवर होत्या. दिवसपाळी, रात्रपाळी, कुणी आलं नाही म्हणून जोडपाळी. पोरीचं पहिलं पाऊल सासूबाईंनी बघितलं, पहिला दात शेजारणीने. मेट्रनबाईंनी लोकांचं सगळं बघितलं होतं. आता कुठे त्यांना वेळ होता, आणि आता लेक परीक्षा घेत होती!

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "एक लिंबू काय, बाग जगवून दाखवते."

लेकीची रिक्षा कोपऱ्यावर वळली न वळली तोच तपासणी सुरू झाली. एकाच अंगावर पडून राहिलं की रोग्याच्या पाठीला जखमा होतात. म्हणून लिंबाची कूस बदलायला हवी. सकाळी पूर्वेकडे तोंड, दुपारी पश्चिमेकडे. ऊन चढलं की आत पंख्याखाली, ऊन उतरलं की बाहेर. झाड बिचारं पान कुठल्या दिशेला वळवायचं हे ठरवेपर्यंत दिशा बदललेली असे. मग काटे टोचले, म्हणून कात्रीने सगळे काटे काढले. रोग्याची नखं वाढू द्यायची नसतात. ते काढताना खोडाला कात्री लागली, म्हणून जखमेवर पट्टी बांधली, आणि पट्टी बांधायची म्हणजे मेट्रनबाईंच्या हाताने, सैल राहील कशी? खोडाला त्या जागी कंबर आली.

कुंडी लहान वाटली म्हणून मोठी आणली. मोठी म्हणजे ज्यात नातीला अंघोळ घालता आली असती एवढी. रोप उपटलं, मुळांची जुनी माती अंगाला मळ चिकटल्यासारखी दिसली, तेव्हा नळाखाली धरून मुळं स्वच्छ धुतली, आणि नव्या खाटेवर नवी चादर घालावी तशी नवी माती भरली. बुडाची भोकं अर्थातच बुजवून. पुढच्या आठवड्यात काळजी वाटली म्हणून पुन्हा उपटून मुळं बघितली. पोट उघडून बघितल्याशिवाय आत काय चाललंय ते कळत नाही, हे त्यांचे सर्जन नेहमी म्हणायचे.

पालवी आधी मान टाकून बसली, मग गळली. मग मोठी पानं एकेक करून गळायला लागली.

"आई, रोप कसंय?" लेकीचा फोन.

"स्थिर आहे."

हा शब्द लेकीला लहानपणापासून माहीत होता. तो खाली बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगायचा शब्द होता. "स्थिर म्हणजे कसं?"

"स्थिर म्हणजे स्थिर."

ते खरंही होतं. पानंच राहिली नव्हती, त्यामुळे वारा आला तरी लिंबाचं काही हलत नव्हतं.

"तू त्याला पाण्याशिवाय काही देत नाहीस ना? शपथ?"

"शपथ," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या दिवसापुरती ती खरी होती, कारण टॉनिक त्यांनी दुसऱ्या दिवशी आणलं.

रोपवाल्याला मेट्रनबाई फार आवडत. बाकीची गिऱ्हाइकं एकदा झाड नेत ती परत फिरकत नसत. या मात्र दर पंधरवड्याला हजर. त्याने काळसर द्रव भरलेली एक बाटली पुढे केली. "हे घाला. मेलेलं झाड उठून बसेल." बाटलीवर लिहिलं होतं, बादलीभर पाण्यात एक झाकण. मेट्रनबाईंनी ते वाचलं आणि मनात म्हटलं, हे निरोग्यांसाठी. अत्यवस्थ रोग्याला असलं पुचाट प्रमाण काय कामाचं?

दुपारची वेळ होती. इमारत जेवून आडवी झाली होती. मेट्रनबाईंनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि बाटली शालीखाली घेतली. शपथ घेतली होती ना! शेजारच्या बाल्कनीतून वहिनींनी बघितलं आणि लेकीला सांगितलं तर पंचाईत. त्या हळूच बाहेर आल्या, इकडेतिकडे बघितलं, दाराकडे पाठ केली आणि कुंडीवर वाकल्या. शालीखालीच झाकण फिरवलं. कुणी बघत नाही ना, म्हणून मान वळवून मागे नजर टाकली.

बाल्कनीच्या काचेच्या दारात एक बाई दिसली. शाल पांघरलेली, रोग्यावर वाकलेली, चोरासारखी मान फिरवून बघणारी, आणि शालीखाली काहीतरी.

"ओ बाई!" मेट्रनबाई कडाडल्या. "शालीखाली काय आहे ते? काढा बाहेर! काढा आधी!"

चाळीस वर्षांचा आवाज तो. खालच्या मजल्यावर झोपलेले गृहस्थ उठून बसले. कोडेवाल्या वहिनींच्या हातातली पेन्सिल पडली. आणि काचेतल्या बाईने मुकाट्याने शालीखालून बाटली बाहेर काढली.

मेट्रनबाई तशाच उभ्या राहिल्या. त्या बाईला त्या ओळखत होत्या. भेटीच्या वेळी रोज यायची ती. कधी कुणाची आई असायची, कधी बायको, कधी मावशी. पोटाचे टाके ओले असताना घरचा डबा शालीखालून आणणारी. झोपलेल्या रोग्याला हलवून "झोप लागली का रे?" विचारणारी. पट्टी उचलून खाली काय आहे ते बघणारी. अशा बायकांना त्यांनी दंडाला धरून बाहेर काढलं होतं. एक म्हातारी तर हात जोडून म्हणाली होती, "एकच चमचा देते हो, माझ्याच्याने बघवत नाही." आणि मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, "बघवत नसेल तर बाहेर बसा. तुमच्या बघण्याने तो बरा होणार नाही."

म्हणजे इतके दिवस या बाल्कनीत नर्स नव्हतीच! फक्त नातेवाईक होते.

त्यांना आधी हसू आलं. मग त्या कुंडीच्या कडेवर बसल्या आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या आठवणीने डोळे भरून आले. तिचं काय चुकलं होतं? जीव लावला होता, आणि लावलेला जीव कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

पण मेट्रनबाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी टॉनिक मोरीत ओतलं. खोडाची पट्टी सोडली. कुंडी कलती करून बुडाचे बोळे उपसले, तर आतून जे काही आलं त्याच्या वासाने वहिनींनीही नाकाला रुमाल लावला. मग कुंडी उन्हाच्या कोपऱ्यात ठेवली, बाल्कनीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन शेजारचं दार वाजवलं.

"ही ठेवा. मी मागितली तरी द्यायची नाही."

"का हो?"

"रोग्याचे नातेवाईक फार त्रास देतात."

"कोण नातेवाईक?"

"मी."

वहिनींनी किल्ली उलटसुलट करून बघितली. "अहो, पण पाणी?"

"ते तुम्ही घालायचं. आठवण झाली की या."

"माझ्या लक्षात राहत नाही, मेट्रनबाई. तुम्हाला माहितीये."

"म्हणून तर तुमच्याकडे दिली!"

पुढचे दिवस मेट्रनबाईंनी काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बाल्कनी बंद, त्यामुळे कपडे दिवाणखान्यात वाळत. जावई एकदा सहज डोकावला, तर त्याला चादरी बाजूला सारत सारत सासूबाईंपर्यंत पोचावं लागलं. काचेतून लिंबाची काडी दिसे आणि हात शिवशिवत, म्हणून त्यांनी पडदा ओढून घेतला. मग पडद्याच्या फटीतून बघायला लागल्या, म्हणून फटीला कपड्यांचे चिमटे लावले. एकदा त्या शेजारी गेल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "किल्ली द्या बघू जरा, माझा नॅपकिन राहिलाय बाहेर."

"कुठल्या रंगाचा?" वहिनींनी विचारलं.

मेट्रनबाईंना रंग सुचला नाही. त्या तशाच परत आल्या.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी लेक आली. पोर खांद्यावर झोपली होती. तिला आतल्या खोलीत पलंगावर उशांच्या मध्ये ठेवलं, आणि लेक सरळ बाल्कनीकडे गेली. कुलूप बघून तिने मागे वळून बघितलं.

"बस आधी," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. काटे, कात्री, पट्टी, बोळे, मुळं धुतली ती, पुन्हा उपटून बघितली ती, शपथ मोडायला निघाल्या होत्या ती. काही लपवलं नाही, सारवासारवही केली नाही. लेक तोंडावर हात ठेवून ऐकत होती. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं.

किल्ली मागायला गेल्यावर निराळंच संकट निघालं. वहिनींना ती सापडेना. "मागच्या आठवड्यापासून सापडत नाहीये," त्या ओशाळून म्हणाल्या. "म्हणून तर पाणी घालायला आले नाही. तुम्हाला सांगायची भीती वाटली हो." शेवटी ती जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मिळाली.

दार उघडलं. लिंबू म्हणजे एक काडी होती, कमरेत आवळलेली. मात्र त्या आवळलेल्या जागेच्या खाली, एका डोळ्याशी, मुगाच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी फुटलं होतं. लेक खाली बसली. वरचं खोड जिवंत आहे का बघावं म्हणून तिने साल खरवडायला नख पुढे केलं.

"हात नको लावूस," मेट्रनबाई म्हणाल्या.

लेकीने हात मागे घेतला. "जगेल का गं?"

"मला माहीत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून लेकीने जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात आतून पोर कुरकुरली. मेट्रनबाई ताडकन उठल्या, दोन पावलं गेल्या, आणि थांबल्या. परत येऊन खुर्चीत बसल्या आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.  "झोपेत कुरकुरतात मुलं," त्या म्हणाल्या. "उठली तर हाक मारेल." पोर आणखी एकदा कुरकुरली आणि गप्प झाली. लेक आईच्या हातांकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "तू रात्रपाळीहून सकाळी यायचीस आणि पहिलं माझ्या खोलीत यायचीस. आठवतं?"

"आठवतं तर. कपाळाला हात लावून बघायचे. चांगली झोपलेली असायचीस, तुझी झोप मोडायचे मी. सासूबाई ओरडायच्या मला."

"मी झोपलेली नसायचे गं. जिन्यात तुझ्या बुटांचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायचे. तू येऊन हात लावशील म्हणून."

 मेट्रनबाईंनी नुसतीच मान हलवली.

"उद्या सकाळी आठला आणते तिला," लेक म्हणाली. "लिंबाचं लिंबू बघेल."

दुसऱ्या दिवशी लेक नातीला देऊन कामावर गेली. जाताना तिने एकही सूचना दिली नाही. नात थोडा वेळ रडली, थोडा वेळ रुसली, मग आजीच्या चष्म्याची काडी तोंडात घालून समजूत पटवून घेतली आणि दूध पिऊन झोपली. मेट्रनबाई पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. पांघरूण सरळ केलं नाही, कूस बदलली नाही, श्वास मोजला नाही. बराच वेळ हात मांडीवर धरून ठेवला. मग तो हळूच पुढे करून नातीच्या कपाळावर ठेवला. नात झोपेतच एक उसासा टाकून हाताखाली सैल पडली. मेट्रनबाई तशाच बसून राहिल्या, आणि ताप आहे की नाही हे बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.